कुल्लू तमाम

नाना कुणाच्या घरी गेले आणि त्यांनी तिथली एखादी वस्तू कानाने तपासली नाही, असं मला तरी आठवत नाही. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी वीतभर बाभळीची काडी असे. तिचं एक टोक मिक्सरला, पाण्याच्या मोटारीला नाही तर पंख्याच्या खटक्याला टेकवायचं, दुसरं उजव्या कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे. डावा कान जिनिंगच्या खडखडाटात कधीच गेला होता. एकदा माझ्या स्कूटरला त्यांनी अशी काडी लावली आणि म्हणाले, "सर, हिले आता पेट्रोल नोको, माती द्या." पंधरा दिवसांत स्कूटर राजूर घाटात बसली ती बसलीच. ती ढकलत आणताना मी नानांना मनातल्या मनात जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोताळ्याच्या एका जिनिंगमध्ये ते तीस वर्षं फिटर होते. कपाशीतली सरकी आणि रुई वेगळी करायची मशीन म्हणजे जीन. तशा चोवीस मशिनी दोन रांगांत मांडलेल्या, आणि त्या चोवीसही नाना नावानिशी, म्हणजे नंबरानिशी ओळखत. अकरा नंबर आळशी, सोळा नंबर तापट. पाच नंबरच्या डाव्या बेअरिंगमधून दर चौथ्या ठोक्याला एक कुरकुर येई. ती त्यांनी किती वेळा ग्रीस दिलं, बेअरिंग बदललं, तरी गेली नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. "तिचा सोभावच थो हाय. आमच्या घरातही हाय एक अशी," असं म्हणून ते काकूंकडे बघत, आणि काकू आतून भांडं आपटत.

पुढे धंदा पडला. मालकाने तेरा ते चोवीस नंबरची अख्खी रांग विकायला काढली आणि ती घेतली सुदानच्या एका व्यापाऱ्याने. लेकीसोबत पाठराखीण जाते तसे मशिनींसोबत नाना गेले. वय साठीला टेकलेलं, तोवर अकोल्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. पारावर चर्चा झाली. मुसलमान मुलूख, खायचं काय, राहायचं कसं, नानांना म्हातारपणी ही काय अवदसा आठवली. मीही त्या चर्चेत होतो, कबूल करतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. 'विकसनशील देशांपुढील समस्या' हा धडा इतकी वर्षं शिकवून मला वाटत होतं की सुदान मला पाठ आहे.

पहिल्या हंगामानंतर नाना परत आले ते तिथलं कौतुक सांगतच. "सर, मी तं फसलो ना जी! इमानात बसून इतका दूर गेलो आन् पाह्यतो तं मोताळाच. काळी माती, कपाशी, ज्वारी. बायका ज्वारीच्या पातळ पोळ्या करतात, आपल्या धिरड्यावानी. वालाची उसळ खातात. फक्त नदी मोठी हाय. आपल्या नळगंगेची आजी म्हणा." गावाचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं, मलाही येत नाही. ते 'आपलं तिकडचं गाव' म्हणत. काकूंना हे 'आपलं' अजिबात आवडत नसे.

तिथे त्यांचा जोडीदार होता इद्रिस. चाळिशीचा, उंच, आधी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. हिंदी सिनेमे पाहून पाहून त्याला मोडकं हिंदी येत होतं. पहिल्याच दिवशी मोठा घोटाळा झाला. तेरा नंबर सुरू करून नाना शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून ओरडले, "मशीन कैसी है?" इद्रिसने दोन्ही हात वर करून सांगितलं, "तमाम! कुल्लू तमाम!" आपल्याकडे तमाम म्हणजे काय ते सांगायला नको. काम तमाम, म्हणजे संपलं, मेलं. नाना एवढे पळाले की चप्पल मागे राहिली. त्यांनी झटक्यात मेन स्विच पाडला, शेडमध्ये अंधार, आणि इद्रिस बघतोय की या बाबाला झालं काय. तिथे तमाम म्हणजे झकास. कुल्लू तमाम म्हणजे सगळं उत्तम. अर्ध्या तासाने उलगडा झाला तेव्हा सगळी शेड हसून हसून लोळली. त्यानंतर नाना मोताळ्यातही 'कसं काय नाना' याला 'कुल्लू तमाम' असंच उत्तर देऊ लागले, आणि त्यातला कोणता अर्थ घ्यायचा ते त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे.

नानांचं एक वाक्य मी चार वर्षांत किमान शंभर वेळा ऐकलं. "कपूस इकला तं पैसा येते. सरकी घरी राह्यली तं गाव राह्यते." तिथले लोक आजवर कच्ची कपाशी गाड्या भरून दूरच्या शहरात धाडत. सरकी तिकडेच जाई, तेल तिकडे, ढेप तिकडे. गावातच जीन सुरू झाल्यावर सरकी गावात राहिली. कुणी तेलाचा घाणा घातला, ढेप मिळू लागली तशा गाई दूध देऊ लागल्या, दूध आलं तसं चहाचं दुकान निघालं. नाना हे सांगताना हाताच्या तळव्यावर बोटाने रेघा ओढत. मी एकदा त्यांना बारावीच्या वर्गावर बोलवलं. त्यांनी दहा मिनिटांत सरकीपासून चहापर्यंत सांगून टाकलं आणि घंटा व्हायच्या आधीच निघाले. माझ्या पुस्तकात त्याला 'पश्चगामी आणि अग्रगामी साखळी' असं म्हणतात. मी ते दोन तास शिकवतो, तरी पोरांना कळत नाही.

त्याच वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, तिकडचे लोक आळशी असतात का हो? नाना थांबले. "आळशी? अरे, दिवसातून सहा घंटे लाइट. डिझेल आलं तं आलं. इथून धाडलेला सामान तीन-तीन महिने बंदरावर पडून राहे, बँका पैसे इकडे धाडू देत नव्हत्या, कायले तं कोणाले माहीत. रोलरच्या चामड्याच्या चकत्या संपल्या. मंग इद्रिसनं उंटाचं कातडं आणलं. म्या म्हणलं, याले वास येते. थो म्हणे, नाना, वास येऊ द्या, मशीन चालू द्या." पहिला उंटाचा रोलर आठ दिवसांत फाटला. दुसरा महिनाभर चालला. तिसऱ्यासाठी गावातल्या चांभाराने कातडं वेगळ्या तऱ्हेनं कमावलं आणि तो हंगामभर टिकला. नानांच्या आयुष्यात कसला अभिमान असेल तर तो त्या तिसऱ्या रोलरचा.

धर्माबिर्माचं त्यांना कुणी खोदून विचारलं की ते चिडत. "मशीन कधी इचारत नाही तू नमाज पढला का पूजा केली. थे इचारते, ग्रीस देलं का." पण सवयी लागल्या होत्या. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून इथेही नाना शुक्रवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसत. रमजानात तिथे ते दिवसा लोकांसमोर पाणीसुद्धा पीत नसत. कुणी मना केलं नव्हतं, त्यांनाच लाज वाटे. सूर्य बुडाला की इद्रिस पहिला खजूर नानांच्या हातावर ठेवी आणि मग स्वतः तोंडात घाली. "मी काही रोजा धरला नव्हता सर, तरी थो पहिले मले दे," हे सांगताना नाना रिकामा तळवा माझ्यापुढे धरत.

चौथ्या हंगामात ते धाकट्या मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवसांकरता आले. बाराच्या बारा मशिनी चालू ठेवून आले. पान्यांची पेटी इद्रिसच्या स्वाधीन केली होती. ती त्यांच्या वडलांच्या वेळची पेटी, काकूंनाही तिला हात लावायची मुभा नव्हती. लग्न लागलं, मांडव उतरला, परतीचं तिकीट होतं, आणि तिकडे लढाई पेटली. त्यांच्याच देशातल्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. विमानतळच पहिला गेला.

त्यानंतरचे नऊ महिने मी नानांना पाहिलं तसं कुणाला पाहू नये. बॅग भरलेली, दाराशी. ते इद्रिसला फोन लावत, तो वाजतच नसे. बातम्यांत सुदान कधी तरी येई, तेही खाली धावणाऱ्या पट्टीत. मला विचारत, "सर, तुमच्या पुस्तकात हाय का हे? गाव उभं राह्यला लागलं का लढाई काऊन येते?" माझ्या पुस्तकात 'राजकीय अस्थिरता' असा एक मुद्दा आहे. चार गुणांचा. पारावरचे एक गृहस्थ म्हणाले, जाऊ द्या नाना, वाचले तुम्ही, तिकडच्यांचं ते चालायचंच. नाना उठून गेले, आणि त्या पारावर पुन्हा कधी बसले नाहीत. मीही बसणं सोडलं. एवढं एक काम मी बरं केलं.

मग एका शुक्रवारी इद्रिसचा आवाज आला. मेसेज होता, मिनिटभराचा. नाना फोन घेऊन धापा टाकत माझ्या घरी आले, दम्यासारखं त्यांना तेव्हाच होऊ लागलं होतं. "लावा सर, मोठ्यानं लावा." इद्रिस म्हणत होता, "नाना, सलाम. फिक्र मत करो. मैं जिनिंग में हूँ. मशीन चालू. बारा के बारा. कुल्लू तमाम, नाना, कुल्लू तमाम." मला इतका आनंद झाला की मी बायकोला चहा टाकायला सांगितला. नानांनी फोन मागितला. काडी काढली, एक टोक फोनला लावलं, दुसरं कानाशी, डोळे मिटले. तीनदा ऐकलं.

"सर," ते म्हणाले, "यात मशीन नाही."

मी म्हटलं, "नाना, तो म्हणतोय ना, जिनिंगमध्ये आहे. बाहेर अंगणात उभा असेल."

"हंगाम हाय. बारा मशिनी चालू असल्या तं अंगणात काय, नदीपार आयकू येते. यात लहान पोट्टे रडून राह्यले. लय. बाया हायेत, भांडे वाजून राह्यले. पाण्यासाठी रांग असते ना, तसं हाय." त्यांनी काडी खिशात ठेवली. "थो शेडमधी नाही. शेडच नसन राह्यली."

चहा आला. कुणी घेतला नाही. मी विचारलं, त्याला विचारू का खरं काय ते? नाना जवळजवळ ओरडलेच, "नोको! त्यानं मले बरं वाटावं म्हणून इतकं केलं, आन् मी त्याले खोटारडा ठरवू?" मग त्यांनी माझ्याकडून रेकॉर्डिंगचं बटण दाबून घेतलं आणि हसऱ्या आवाजात बोलले, "शाबास इद्रिस! चालू ठेव. मी येतोच." बोलून झाल्यावर त्यांनी तोंड पंच्यात खुपसलं. साठी उलटलेला माणूस माझ्या घरात हमसून हमसून रडला आणि मी अर्थशास्त्राचा शिक्षक त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते मला आमच्या जुन्या जिनिंगवर घेऊन गेले. उरलेल्या बारा मशिनी हंगामात अजून चालत. नाना पाच नंबरजवळ जाऊन उभे राहिले. रुईचे कण उडत होते, डॉक्टरांनी तिथे जायला साफ मना केलं होतं. "लावा सर, फोन लावा इथं, बेअरिंगपाशी." दोन मिनिटं नुसता खडखडाट रेकॉर्ड झाला, दर चौथ्या ठोक्याला कुरकुर. शेवटी ते फोनमध्ये ओरडले, "इद्रिस, आयक! मोताळा चालू हाय!" मला आधी कळलंच नाही याचा उपयोग काय. घरी येताना सांगितलं. "ज्याची मशीन बंद पडली ना सर, त्याले रिकामा कान खाऊन टाकते. म्या पाह्यलं हाय हे, आपली एक रांग गेली तवा." पुढच्या शुक्रवारी इद्रिसचं उत्तर आलं. "नाना, आवाज सब को सुनाया. सब लोग चुप बैठ के सुने." सब म्हणजे कोण, कुठे, ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

हे वर्षभर चाललं. दर शुक्रवारी तिकडून कुल्लू तमाम, इकडून माझ्या फोनवरून पाच नंबर. इद्रिसही मला 'सर'च म्हणू लागला होता. हंगाम संपल्यावर आम्ही जुनंच रेकॉर्डिंग धाडत होतो. दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांशी इतक्या निष्ठेने खोटं बोलताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. नाना मात्र खालावत गेले. छातीत इतक्या वर्षांची रुई बसलेली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि काकूंना बाहेर बसायला सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी इद्रिसचा मेसेज आला. नाना खाटेवर उशीला टेकून होते, बोलायला दम पुरत नव्हता. मी लावला, आणि दचकलो. इद्रिसच्या आवाजामागे मशीन चालत होती! चांगली जोरात, खडखड खडखड. तो म्हणत होता, "नाना, सुनो! आप को लगता था मैं झूठ बोलता. सुनो, तेरह नंबर!" मी खुळ्यासारखा खुश झालो. "नाना, ऐका! जीन आहे! खरंच आहे हो!" काकू पदर डोळ्याला लावून दारात आल्या.

नानांनी हात पुढे केला. काडी त्यांच्या उशाशीच होती, मीच फोनला लावून दिली. त्यांनी डोळे मिटले. ऐकता ऐकता त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. मला वाटलं कळ आली. ते हसत होते.

"सर," अगदी हळू म्हणाले, "थे पाच नंबर हाय."

मी पुन्हा ऐकलं. एक, दोन, तीन, कुरकुर. एक, दोन, तीन, कुरकुर. पाच नंबर तर कधी मोताळ्याच्या बाहेर गेलीच नव्हती. आम्ही धाडलेलंच रेकॉर्डिंग इद्रिसने कुठल्या तरी दुसऱ्या फोनवर लावलं होतं आणि त्याच्यापुढे उभा राहून तो बोलला होता. नानांचं ऐकणं किती पक्कं आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि तेच त्याने वापरलं. काकूंना हे काही उमगलं नव्हतं. त्या म्हणत होत्या, बरं झालं बाई, चालू झालं एकदाचं तिकडचं.

"काय सांगू त्याला?" मी विचारलं.

नानांनी फोन तोंडाशी आणायची खूण केली. बराच वेळ श्वास गोळा केला. "लय झाक चालून राह्यली, इद्रिस. तेरा नंबरच हाय. मी वळखली." थांबले. खोकला आला, गेला. "फक्त डाव्या बेअरिंगले ग्रीस देजो."

सोमवारी नाना गेले. जिनिंगच्या मालकाने, हंगाम असूनही, अर्धा दिवस मशिनी बंद ठेवल्या. माती झाली, लोक पांगले, आणि इतकी वर्षं ज्या आवाजाने माझं डोकं दुखत आलं तो आवाज नसल्यामुळे मला घरी बसवेना. दाराशी ती बॅग होतीच. काकूंनी ती उघडली नाही, आम्हीही कुणी सुचवलं नाही.

शुक्रवारी मी इकडून काहीच धाडलं नाही. धाडवलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी इद्रिसचा मेसेज आला. घाबरलेला होता. "सर, सलाम. जुम्मे को आवाज नहीं आया. नाना कैसे हैं?" मागे पोरं होती, भांडी होती. मशिनीचा आवाज लावायचं त्याला सुचलं नव्हतं, किंवा माझ्यासाठी लावायची गरज वाटली नसेल.

मी दोन दिवस फोन घेऊन फिरलो. खरं कळवावं, तर तिथे त्या माणसाकडे उरलंय काय? नानांची पान्यांची पेटी असेल तर असेल. आणि खोटं तर मला त्या दोघांसारखं बोलताच येत नाही. मी आयुष्यभर पुस्तकातलं तेवढं बोललो. शेवटी जिनिंगवर गेलो, पाच नंबरपाशी उभा राहिलो, बटण दाबलं. दोन मिनिटं तिला बोलू दिलं. मग म्हणालो, "इद्रिसभाई, नाना तमाम." पुढे काही म्हणायचं होतं, पण बोट बटणावरून सुटलं आणि रेकॉर्डिंग तसंच गेलं.

त्याने ते ऐकल्याची खूण लगेच उमटली. उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. मग एक मेसेज आला, दोन मिनिटांचा. त्यात सलाम नव्हता, कुल्लू तमाम नव्हतं. पोरंही रडत नव्हती. कुणीतरी त्यांना गप्प बसवलं असावं. फक्त आमची पाच नंबर चालत होती, दर चौथ्या ठोक्याला कुरकुरत.